शिक्का त्यांचा, खुरपं आमचं

मैत्रिणींनो, आमच्या जळकोट तालुक्यातल्या एका गावी मध्यंतरी सेंद्रिय गटाची बैठक झाली. पुरुष पुढे, आम्ही बाया सतरंजीच्या कडेला. कंपनीच्या माणसाने शेतकऱ्यांची नावं लिहून घेतली. यादीत एकही बाई नाही, कारण सातबाऱ्यावर बाई नाही. मी विचारलं, "मग तण कोण काढणार?" सगळे हसले. मला हसू आलं नाही.

विषारी फवारणी थांबावी हे आम्हाला कुणी शिकवायला नको. फवारलेल्या रानात ओणव्याने खुरपतो ते आम्हीच. माझं भांडण सेंद्रिय शेतीशी नाही, त्या शिक्क्याच्या हिशेबाशी आहे.

तणनाशक बंद झालं की तण हाताने काढावं लागतं. सोयाबीनमध्ये खुरपणी वाढते. शेण-गोमूत्र गोळा करायचं, जीवामृत ढवळायचं, दशपर्णीचा पाला आणायचा, हेही आमच्याच अंगावर. मजूर लावला तर रोज द्यावा लागतो, घरची बाई राबली तर वहीत लिहितात, 'खर्च शून्य'. आमचे दिवस म्हणजे शून्य!

आता भावाचं बघा. निर्यातीचा माल राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमांनी तपासला जातो. हंगामी पिकांना रूपांतरणाची निदान २ वर्षं काढावी लागतात. या काळात उतारा बहुधा घटतो, आणि माल मात्र साध्या मालाबरोबर मोंढ्यात जातो. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, तरी बाजारात त्याखाली खरेदी चालली होती. कोरडवाहू दोन-तीन एकरवाल्याने ही दोन वर्षं कशाच्या जोरावर काढायची? सावकाराच्या?

एकट्याला तपासणीची फी झेपत नाही म्हणून गट करतात. प्रमाणपत्र गटाच्या नावावर निघतं. गट कंपनीने बांधला असेल तर कागद कंपनीच्या कपाटात राहतो. दुसऱ्या व्यापाऱ्याने दोन पैसे जास्त देऊ केले, तरी आपला माल सेंद्रिय म्हणून आपल्याला विकता येत नाही. कापसातल्या 'बेटर कॉटन'मध्येही जादा भावाची हमी नाही.

पीजीएस नावाची दुसरी वाट आहे. निदान ५ शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. खर्च थोडा, कागद गावात. पण त्यावर निर्यात होत नाही, म्हणून मोठा व्यापारी त्याकडे बघत नाही.

आणि बाई? १९९४ साली महाराष्ट्राने, २००५ साली देशाने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क दिला. तरी २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शंभर वहितीदारांत बाया सुमारे १४ निघाल्या. जुना अन्याय सातबाऱ्यावर होताच, आता त्याच्यावर हिरवा शिक्का बसतो आहे.

म्हणून बायांनो, गट करायला कुणी आलं की आधी चार गोष्टी मागा. राबणाऱ्या बाईचं नाव गटाच्या नोंदवहीत हवं, जमीन कुणाचीही असो. तिच्या खुरपणीचे दिवस खर्चात धरले पाहिजेत. रूपांतरणाच्या वर्षांचा तोटा घेणाऱ्याने वाटून घ्यावा, आणि जादा भाव पेरणीआधी लेखी ठरावा. प्रमाणपत्र गावच्या गटाच्या ताब्यात राहावं.

हे मान्य नसेल तर त्यांनी आपला शिक्का घेऊन जावं. रान स्वच्छ ठेवायला आम्हाला तो लागत नाही. त्यांना मात्र आमचं खुरपं लागतं.