विश्लेषण : कुत्र्याला कुरवाळले की मन हलके होते, पण तो ‘उपचार’ कधी ठरतो?

हुपरीत चांदीकाम घरोघरी चालते. दिवसभर मान खाली घालून पैंजणाच्या कड्या जुळवायच्या आणि २०२५ मध्ये किलोला १ लाखाच्या वर गेलेल्या दराचा हिशेबही डोक्यात ठेवायचा. संध्याकाळी दारातले कुत्रे शेपटी हलवत आले की बरे वाटते, हे कुणा तज्ज्ञाने सांगायला नको. मात्र ‘थेरपी डॉग’चे रील पाहून घरात पिल्लू आणले म्हणजे नैराश्य जाईल, हा समज चुकीचा आहे.

मग थेरपी कशाला म्हणायचे?

इथे प्राणी मदतनीस असतो, उपचार करणारा माणूसच असतो. मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक आधी उद्दिष्ट ठरवतो. समजा, एखादे मूल कुणाशीच बोलत नाही. ते आधी कुत्र्याला नावाने हाक मारते, पुढच्या सत्रात ‘बस’ म्हणते, नंतर त्याच्याविषयी दोन वाक्ये सांगते. प्रत्येक सत्राची नोंद राहते. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ बोरिस लेविन्सन यांनी १९६० च्या दशकात आपल्या ‘जिंगल्स’ कुत्र्याच्या मदतीने मुलांवर असेच उपचार केले. महाराष्ट्रात मीनल कविश्वर यांची ‘ॲनिमल एंजल्स फाउंडेशन’ ही संस्था हे काम करते. मुंबई विमानतळावर २०२४ मध्ये प्रवाशांसाठी कुत्री आणली गेली, तो मात्र विरंगुळा. नाव थेरपीचेच, पण तिथे रुग्णही नाही आणि उद्दिष्टही नाही.

पुरावा किती?

आहे, पण मर्यादित. अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाने २४९ विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कुत्र्या-मांजरांना १० मिनिटे कुरवाळल्यावर लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरक, कमी झाल्याचे त्यात दिसले. हा तात्पुरता परिणाम. त्याच वर्षी ‘कोक्रेन’ने स्मृतिभ्रंशाच्या ३०५ रुग्णांवरील ९ अभ्यास तपासले. नैराश्याची लक्षणे किंचित कमी होऊ शकतात, मात्र पुरावा कच्चा आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. एवढ्या आधारावर चालू गोळ्या बंद करणे धोक्याचे.

आणि प्राण्याचे काय?

हा प्रश्न या भागाला नवा नाही. शेजारच्या शिरोळ तालुक्यातील नांदणी मठाची महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानंतर जुलै २०२५ मध्ये जामनगरच्या ‘वनतारा’त गेली. ती परत यावी म्हणून ३ ऑगस्टला हजारो लोक नांदणीहून कोल्हापूरपर्यंत मूकपणे चालले. माया खरीच होती. न्यायालयाने मात्र हत्तिणीच्या प्रकृतीला वरचे स्थान दिले. थेरपीतही तोच नियम लागू होतो. प्राण्याचा स्वभाव पारखलेला हवा, लसीकरण झालेले हवे, विश्रांती हवी आणि नको असेल तेव्हा दूर जाण्याची मुभा हवी. गल्लीतल्या कुत्र्याला बिस्किटे जरूर घाला. पण ओरखडा जरी उठला तरी जखम साबणाने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा.

हुपरीकरांनी जायचे कुठे?

झोप उडाली असेल, कामात लक्ष लागत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक २४ तास सुरू असतो. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. प्रत्यक्ष तपासणीसाठी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे.