रंग उजळ नको, खरा हवा

आपल्या व्यवसायातील रंगाचे महत्त्व मी आपणांस सांगावे असे नाही. डॉ. व्हर्जिनिया ॲपगार यांनी १९५३ साली नवजात बालकाच्या तपासणीची जी पाच लक्षणे प्रसिद्ध केली, त्यांत बालकाचा रंग हे एक लक्षण आहे. कावीळ, रक्तक्षय, ओठांचा निळेपणा यांची पहिली शंका आपल्याला डोळ्यांनीच येते. तान्ह्या बाळाची कावीळ पाहायची तर त्याला ट्यूबलाइटखालून उचलून खिडकीशी, दिवसाच्या उजेडात न्यावे, कातडी बोटाने किंचित दाबून मग रंग पाहावा, हे आपण शिकलो आणि आपल्या हाताखालच्यांना शिकवलेही. रंगाच्या बाबतीत इतके सावध असणारे आपण घरातील जुन्या रंगीत निगेटिव्ह स्कॅन करताना मात्र संगणक जो रंग दाखवील तो निमूटपणे मान्य करतो. ही सवय आपण सोडली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत मी पुस्तके वाचून बनविलेले नाही. माझ्या हातून झालेल्या एका चुकीतून ते बनले आहे.

गेल्या वर्षी भालकी तालुक्यातील एक बाई दवाखान्यात आल्या. त्यांचे पहिले मूल १९९८ साली माझ्याच उपचाराखाली होते आणि ते मला वाचविता आले नव्हते. घरात त्याचा एकच फोटो होता, जावळाच्या दिवशी ओसरीवर काढलेला. तो पावसाच्या पाण्याने खराब झाला. निगेटिव्हची पट्टी मात्र कागदी पाकिटात शाबूत राहिली होती. मला या गोष्टींचा छंद आहे हे त्यांना कोणीतरी सांगितले होते. मी पट्टी घरी नेली, स्कॅनरवर ठेवली, ‘ऑटो’ची कळ दाबली आणि आलेले चित्र मोठ्या समाधानाने छापून त्यांच्या हाती दिले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले व म्हणाल्या, “साहेब, ह्ये माझं लेकरू नव्हं. माझं सावळं होतं.”

चित्रातले मूल खरोखरच गोरे, गुलाबी दिसत होते. असे का झाले, याचा मी त्या रात्री विचार केला. चित्रात बाईंच्या अंगावर गडद हिरवे लुगडे होते व त्याने चौकटीचा अर्धा भाग व्यापला होता. ‘ऑटो’ची गणिते बहुधा असे गृहीत धरतात की, कोणत्याही दृश्यातील सर्व रंगांची सरासरी करडी येते. हिरवा जास्त दिसला, की प्रणाली त्याच्या विरुद्ध असलेली किरमिजी छटा संपूर्ण चित्रात वाढविते. लुगड्यासाठी दिलेले हे औषध मुलाच्या चेहऱ्यालाही लागू झाले. शिवाय चित्रातील सर्वांत उजळ भाग पांढराशुभ्र करण्याच्या खटाटोपात सावळा चेहराही वर ओढला गेला. हळदीच्या समारंभाचे फोटो निळसर आणि लाल शालूतील नवरीचे फोटो हिरवट का येतात, त्याचेही कारण हेच.

आता योग्य रीत सांगतो. आपण बाळाचे वजन करतो तेव्हा काट्यावर आधी दुपटे ठेवून काटा शून्यावर आणतो. निगेटिव्हच्या बाबतीत हे दुपटे म्हणजे तिची नारिंगी झाक होय. रंगीत फिल्मवर पिवळ्या, किरमिजी आणि हिरवट निळ्या रंगद्रव्यांचे थर असतात. यांपैकी किरमिजी व हिरवट निळे ही द्रव्ये शुद्ध नसतात. जो प्रकाश अडवू नये तोही ती थोडा अडवितात. ही उणीव भरून काढण्यासाठी त्या थरांत मुद्दाम रंगीत घटक घातलेले असतात आणि त्यांच्यामुळे निगेटिव्ह नारिंगी दिसते. तेव्हा ही झाक म्हणजे मळ नव्हे, ती एक दुरुस्ती आहे. पण ती मोजून वजा केल्याशिवाय पुढचे कोणतेही माप बरोबर येत नाही. दोन फोटोंच्या मधली, प्रकाश न पोहोचलेली अरुंद पट्टी असते, ती नेमकी याच कामाची. प्रथम तिचा रंग मोजावा, तो शून्य समजावा, आणि मगच चित्र उलटे करावे.

स्कॅनरच्या प्रणालीतील आपोआप रंग सुधारणारे, उजळविणारे सर्व पर्याय प्रथम बंद करावेत. दर रंगाला १६ बिट अशा पद्धतीने स्कॅन करावे. ३५ मिलिमीटरच्या फिल्मला २४०० डीपीआय घरगुती कामास पुरेसे होतात. एका फोटोची फाइल सुमारे ४६ एमबीची होते, पण आजच्या काळात तिचे ओझे वाटू नये. एका रोलसाठी एकदा ठरविलेले माप त्या रोलच्या सर्व फोटोंना तसेच ठेवावे. कारण एका रोलमधील सर्व फोटो एकाच फिल्मवर व एकाच रसायनात तयार झालेले असतात. १९७२ साली आलेल्या सी-४१ पद्धतीत डेव्हलपरचे तापमान ३७.८ अंश सेल्सिअस, म्हणजे १०० अंश फॅरनहाइट, आणि वेळ ३ मिनिटे १५ सेकंद. आपल्या भाषेत बारीक ताप! त्यात थोडाही फरक पडला की रंग बदलत. म्हणून एका रोलचे माप दुसऱ्या रोलला आंधळेपणाने लावू नये. ज्यांच्याकडे स्कॅनर नाही त्यांनी चांगल्या पांढऱ्या प्रकाशफलकावर निगेटिव्ह ठेवून डिजिटल कॅमेऱ्याने टिपली तरी चालते. ‘डार्कटेबल’ या विनामूल्य प्रणालीत २०२० पासून या कामासाठी एक साधन आहे. त्याचे नाव ‘नेगाडॉक्टर’ आहे, हे वाचून आपणांस गंमत वाटेल.

झाक वजा केली तरी एक प्रश्न उरतो. फोटो ज्या उजेडात काढला त्याचा रंग कसा ओळखावा? साधी फिल्म दिवसाच्या उजेडासाठी बनविलेली असे; बल्बखाली तिच्यावर पिवळा व ट्यूबलाइटखाली हिरवट रंग चढे. यासाठी छायाचित्रकार करड्या रंगाचे कार्ड वापरतात. आपल्या जुन्या फोटोंत ते कोठून असणार? परंतु बिदर-कलबुर्गीच्या घरांत ते पायाखालीच होते. कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादची फरशी! आपल्या पिढीतील किती बारशी, मुंजी आणि डोहाळजेवणे या करड्या दगडावर झाली! फरशीच्या काही लाद्या निळसर तर काही पिवळट असतात, म्हणून एकाच लादीवर विसंबू नये. तीन-चार ठिकाणी मोजावे व घरात तीच फरशी अजून असेल तर प्रत्यक्ष ताडून पाहावे. पांढऱ्या धोतराला किंवा टोपीला मात्र पांढरे समजू नये, कारण त्यांना नीळ दिलेली असे. ती शुभ्र धरली तर माणसांचे चेहरे पिवळे पडतात. काळ्या रंगाची खातरजमा करायची असेल तर कपाटावरची बिद्री सुरई उपयोगी पडते.

मी त्या बाईंच्या पट्टीची नारिंगी झाक मोजली, ओसरीच्या फरशीवरून उजेडाचा रंग काढला आणि चेहऱ्याला हात न लावता चित्र तयार केले. लुगडे हिरवे झाले, फरशी करडी झाली, आणि मूल सावळे झाले. बाईंना पुन्हा बोलावले. त्या काही बोलल्या नाहीत. पडद्यावर मुलाच्या गालापाशी बोट टेकवून बसून राहिल्या.

कोणी म्हणेल, मूल थोडे उजळ दिसले तर काय बिघडले? बिघडते असे मला वाटते. छायाचित्रणाचा इतिहासच या बाबतीत फारसा निष्पक्ष नाही. कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना छपाईचे रंग जुळविण्यासाठी ‘शर्ली कार्ड’ पुरवीत असे. त्यावर वर्षानुवर्षे गोऱ्या स्त्रीचेच चित्र होते. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया त्यावर येण्यास १९९० चे दशक उजाडावे लागले. आपल्या वैद्यकातही असेच घडले. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर काळ्या वर्णाच्या रुग्णांतील प्राणवायूची कमतरता गोऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ तिप्पट वेळा ओळखू शकत नाही, असे २०२० साली अमेरिकेतील अभ्यासात दिसून आले. यंत्राला आपली कातडी ठाऊक नसेल तर ती ठाऊक करून देणे हे आपले काम आहे. गोरेपणाच्या मलमांविरुद्ध पालकांना समजावणाऱ्या डॉक्टरानेच स्वतःच्या आजीला संगणकावर गोरी करावे, ही विसंगती आहे.

अर्थात, अचूकतेचा अहंकारही नसावा. फिल्मवरील तिन्ही रंगद्रव्ये सारख्या गतीने विटत नाहीत. वैशाखात चाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या आपल्या भागात, गच्चीखालच्या लोखंडी कपाटात तीस वर्षे राहिलेल्या निगेटिव्हमध्ये उजळ भागाला एक व सावलीला दुसरीच छटा आलेली असते. तेथे कोणतेही एक माप पुरे पडत नाही. अशा वेळी मूळ स्कॅन तसाच जपून ठेवावा व सुधारणा त्याच्या प्रतीवर करावी. आपला पडदा ६५०० केल्व्हिनवर आहे ना, हे पाहावे. शिवाय विद्यार्थिदशेत इशिहाराच्या चकत्या वाचताना ज्यांची अडखळण झाली होती, त्यांनी रंगाचा निर्णय घरातील दुसऱ्या कोणावर सोपवावा. त्यात कमीपणा काही नाही.

शेवटी एक विनंती. साधारण १९८० ते २००५ या पंचवीस वर्षांतील आपल्या घरांचे रंगीत दर्शन मुख्यतः निगेटिव्हमध्येच आहे. ती द्रव्ये विटत आहेत आणि लुगड्याचा नेमका रंग सांगू शकणारी माणसेही एकेक करून जात आहेत. मोजमाप आपल्याला उत्तराजवळ नेते. शेवटची साक्ष मात्र त्या माणसांचीच असते. म्हणून येत्या दिवाळीच्या सुटीत प्रत्येक सभासदाने एक तरी रोल घरी स्कॅन करावा, वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून करावा, आणि नंतरही निगेटिव्ह फेकून देऊ नये. त्यांत रुग्णांचे फोटो निघाल्यास ते मोबाइलवरून फिरवू नयेत, हे सुज्ञांस सांगणे न लगे. आपल्या संस्थेने एखाद्या रविवारी याचे प्रात्यक्षिक ठेवल्यास मी माझा स्कॅनर घेऊन आनंदाने येईन.