मोकळ्या दुपारी कुणाच्या?



उन्हाळा सरत आला की आपल्या ओळखीतली काही मुलं मेडिकल स्कूलमध्ये दाखल होतात. वेळापत्रक हाती आलं की घरोघरी एकच उद्गार: "अरे, तुला तर दुपारी सुट्टीच आहे!" पहिल्या वर्षाला शिकवणारा म्हणून या 'सुट्टी'बद्दल थोडं लिहितो.

भारतात एमबीबीएस केलेल्या पालकांच्या मनातलं पहिलं वर्ष म्हणजे अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री आणि शेवटी विद्यापीठाची मोठी परीक्षा. अमेरिकेत आता बऱ्याच ठिकाणी अवयवसंस्थांनुसार शिकवतात: काही आठवडे हृदय, मग फुप्फुसं, मग मूत्रपिंडं. प्रत्येक भाग संपला की परीक्षा. सकाळी व्याख्यानं आणि गटचर्चा, काही दुपारी शवविच्छेदन, एखादी दुपार रुग्णाशी बोलायला आणि त्याला तपासायला शिकण्यासाठी. व्याख्यानांचं रेकॉर्डिंग मिळतं, म्हणून बरीच मुलं ती घरीच दीडपट वेगाने ऐकतात. उरलेला वेळ कागदावर कोरा दिसतो. प्रत्यक्षात तो पाठांतर, 'अंकी'ची फ्लॅशकार्डं आणि सराव प्रश्नांत जातो. शनिवार-रविवारसुद्धा.

इथपर्यंत सगळे सारखे. फरक पुढे पडतो.

बऱ्याच कॉलेजांनी सुरुवातीच्या वर्षांत श्रेणी बंद करून पास-नापास पद्धत आणली. जानेवारी २०२२ पासून स्टेप १ परीक्षेचाही निकाल फक्त पास किंवा नापास असा लागतो. हेतू चांगलाच आहे. पण रेसिडेन्सीसाठी निवड करणाऱ्यांना उमेदवारांत डावं-उजवं करायला काहीतरी लागतंच. मग वजन पडतं स्टेप २ च्या गुणांवर, संशोधनावर, शिफारसपत्रांवर. म्हणजे स्पर्धा संपली नाही. तिचा बराचसा भाग या कोऱ्या दुपारींत आणि पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात सरकला.

ज्याचे आईवडील डॉक्टर, त्याला एका फोनवर प्रयोगशाळेत जागा मिळते आणि बिनपगारी उन्हाळाही परवडतो. घरातली पहिलीच पदवीधर असलेली मुलगी त्याच उन्हाळ्यात चार पैसे कुठे मिळतील ते शोधत असते. त्यात २०२५ च्या कायद्याने नव्या कर्जदारांसाठी १ जुलै २०२६ पासून ग्रॅड प्लस कर्ज बंद केलं आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या सरकारी कर्जावर वर्षाला ५०,००० व एकूण २,००,००० डॉलरची मर्यादा घातली. अनेक खाजगी कॉलेजांची नुसती फीच वर्षाला ५०,००० च्या वर आहे. बाकीचे पैसे ज्याने त्याने उभे करायचे!

आपल्या मंडळींत 'गुणवत्ता' हा शब्द फार आवडता. पण गुणवत्तेलाही मोकळी दुपार लागते, आणि ती सर्वांना सारखी मिळत नाही.

म्हणून दोन विनंत्या. पालकांनो, मुलाला गणपतीच्या नाटकाच्या तालमीला बोलावण्यापूर्वी त्याची पुढची परीक्षा कधी आहे ते विचारा. आणि आपल्यातल्या डॉक्टरांनो, संशोधकांनो, उन्हाळ्यातली जागा मित्राच्या मुलासाठी राखून ठेवू नका. जवळच्या मेडिकल स्कूलच्या विद्यार्थी विभागाला कळवा, अर्ज सर्वांसाठी खुले ठेवा आणि शक्य असेल तर थोडं विद्यावेतन द्या. समतेवर आपण भाषणं पुष्कळ ऐकतो. हे काम मात्र एका ईमेलने सुरू होऊ शकतं.