हिशेबाची वही आणि मुलीची शाळा

त्सित्सी डांगारेम्ब्गा यांची १९८८ ची ‘नर्व्हस कंडिशन्स’ ही कादंबरी ‘दोन संस्कृतींचा संघर्ष’ म्हणून वाखाणणे सोयीचे खरे. पण मग हिशेबाची वही न उघडताच राहते. साठच्या दशकातील ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, तांबुद्झाई ही शोना मुलगी शाळेच्या फीसाठी स्वतः मका पिकवते. कणसे चोरतो तो सख्खा भाऊ! १९६८ मध्ये तो दगावतो, तेव्हा कुठे काकांच्या मिशन शाळेतील त्याची जागा तिला मिळते. कारण पाठवायला दुसरा मुलगाच नसतो. इंग्लंडहून परतलेली, शोना बोलणे जवळजवळ विसरलेली चुलतबहीण न्याशा तेथे अन्न पोटात ठेवू शकत नाही. तरीही तांबू पुढे शिष्यवृत्तीवर गोऱ्या मुलींच्या कॉन्व्हेंटात जायला निघते, आणि आई अंथरूण धरते.