भाकितांचा ताळेबंद कोण मांडणार?

एप्रिल २०२५च्या अखेरीस अमेरिकेतल्या ग्रीन बे या लाखभर वस्तीच्या गावात तीन दिवस जत्रा भरली होती. सामना नव्हता, कुणी मैदानात उतरणार नव्हतं. व्यासपीठावरून फक्त नावं पुकारली जाणार होती आणि ती ऐकायला देशभरातून माणसं लोटली होती. कॉलेजच्या मैदानांवर चमकलेली पोरं कोणत्या व्यावसायिक संघात जाणार, हे ठरवणारा हा नॅशनल फुटबॉल लीगचा ड्राफ्ट. फुटबॉल म्हणजे मेस्सीचा नव्हे. लंबगोल चेंडूचा, शिरस्त्राणं घालून एकमेकांवर आदळण्याचा अमेरिकी फुटबॉल. बत्तीस संघ, सात फेऱ्या, आणि गेल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाचा मान पहिला. आयपीएलच्या लिलावात पैसा बोलतो, इथे क्रम बोलतो.

त्या वर्षी साऱ्यांचं लक्ष शेडूर सँडर्सकडे होतं. नामवंत बापाचा, डिऑन सँडर्सचा, हा मुलगा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा सूत्रधार. ईएसपीएन वाहिनीवर १९८४पासून ड्राफ्टचं भविष्य सांगणाऱ्या मेल किपर यांनी त्याला यादीतल्या पहिल्या पाच खेळाडूंत बसवलं होतं. पहिला दिवस गेला, नाव आलं नाही. दुसरा गेला, तरी नाही. तिसऱ्या दिवशी, पाचव्या फेरीत, १४४व्या क्रमांकावर क्लीव्हलँड ब्राउन्सनी त्याला घेतलं; तेही तिसऱ्या फेरीत डिलन गेब्रिएल हा दुसरा क्वार्टरबॅक घेऊन झाल्यावर. किपर पडद्यावरच भडकले. या लीगला पन्नास वर्षांत क्वार्टरबॅक ओळखताच आलेला नाही, असा त्यांचा निवाडा होता. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनीही समाजमाध्यमावर संघमालकांची अक्कल काढली.

चाहत्यांत दोन तट पडले. एक तट म्हणाला, संघ आंधळे आहेत. दुसरा म्हणाला, किपर आंधळे आहेत. दोन्ही तटांनी एक साधी गोष्ट नजरेआड केली. खेळाडू किती चांगला आहे, हा एक प्रश्न. संघ त्याला कितव्या क्रमांकावर घेतील, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळायला पाच-सात वर्षं लागतात, दुसऱ्याचं त्याच रात्री मिळतं. ड्राफ्टच्या आधी महिनोन्‌महिने चालणारे ‘मॉक ड्राफ्ट’, म्हणजे लुटुपुटीच्या निवडयाद्या, दुसऱ्या प्रश्नावर असतात. त्यावरची चर्चा मात्र पहिल्याच्या थाटात चालते. अंदाज फसला की विश्लेषक झटक्यात उडी मारतो: मी खेळाडूचं मोल सांगत होतो, संघांच्या मनातलं नव्हे. आणि खेळाडू फसला की उलटी उडी: संघांनीच त्याला एवढ्या वर घेतलं होतं, माझा काय दोष? ही सोय बॅट्समनला नाही, पंचाला नाही, प्रशिक्षकाला तर मुळीच नाही.

हा धंदा तसा अलीकडचा. फेब्रुवारी १९३६मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला तेव्हा नऊ संघ होते आणि फळ्यावर नव्वद नावं. वर्तमानपत्रांतल्या बातम्या आणि ओळखीपाळखी, एवढीच माहिती. गंमत म्हणजे सर्वांत आधी निवडला गेलेला जे बर्वँगर पैशाचं जुळलं नाही म्हणून व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. १९८०मध्ये ईएसपीएननं ड्राफ्ट थेट दाखवायचं ठरवलं तेव्हा लीगचे तेव्हाचे प्रमुख पीट रोझेल यांनाच शंका होती, नावांचं वाचन कोण बघणार? लोकांनी बघितलं. मग दोन नावांमधला वेळ भरायला बोलणारी माणसं लागली आणि बोलणाऱ्यांना मतं लागली.

१९९४चा प्रसंग अजून सांगितला जातो. इंडियानापोलिस कोल्ट्सनी क्वार्टरबॅक ट्रेन्ट डिल्फरला सोडून ट्रेव्ह आल्बर्ट्स हा बचावपटू पाचव्या क्रमांकावर घेतला आणि किपर यांनी थेट प्रक्षेपणात त्यांची सालटी काढली. कोल्ट्सचे व्यवस्थापक बिल टोबिन यांनी कॅमेऱ्यासमोरच विचारलं, हा किपर कोण लागून गेला? ना खेळला, ना कुणाला शिकवलं. पुढे काय झालं? आल्बर्ट्स दुखापतींनी तीन हंगामांत संपला, म्हणजे किपर जिंकले. डिल्फरनं बाल्टिमोरकडून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला; म्हणजे किपर पुन्हा जिंकले. पण तो संघ ओळखला जातो बचावासाठी, क्वार्टरबॅकसाठी नाही. आणि त्याच दिवशी टोबिन यांनी दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला मार्शल फॉक पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या पंगतीत, पोचला. मग बरोबर कोण? टोबिन यांचा प्रश्न मात्र चुकीचाच होता. मैदानावर न उतरलेला माणूस खेळ उत्तम ओळखू शकतो. त्याला विचारायला हवं होतं ते एवढंच: आजवर किती जमले, किती फसले?

किती फसतात, याचं मासलेवाईक वर्ष २०१८. त्या वर्षी पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक गेले: बेकर मेफील्ड पहिला, सॅम डार्नोल्ड तिसरा, जॉश अ‍ॅलन सातवा, जॉश रोझन दहावा आणि फेरीच्या अगदी शेवटी, बत्तिसावा, लामार जॅक्सन. अ‍ॅलनची नेमबाजी कच्ची म्हणून टीकाकारांनी त्याला झोडपलं होतं. २०२४ला तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. रोझनला घेणाऱ्या अ‍ॅरिझोनानं वर्षभरातच दुसरा क्वार्टरबॅक आणून त्याला वाटेला लावलं. डार्नोल्डवर ‘फुकट गेला’ असा शिक्का बसून सगळे मोकळे झाले होते, तेव्हा २०२४मध्ये त्यानं मिनेसोटाला चौदा सामने जिंकून दिले. म्हणजे या पाच जणांचं प्रगतिपुस्तक दर दोन वर्षांनी फाडून नव्यानं लिहावं लागलं. तरी ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक संघाला अ, ब, क असे गुण वाटायची प्रथा चालूच आहे. ज्यांनी अजून एकही चेंडू फेकलेला नाही, त्यांचा निकाल!

जॅक्सनची गोष्ट जास्त बोचरी. बिल पोलियन हे या खेळातलं मोठं नाव. १९९८मध्ये सारा देश पेटन मॅनिंग की रायन लीफ यावर भांडत असताना त्यांनी कोल्ट्ससाठी मॅनिंग निवडला. मॅनिंग दिग्गज झाला, लीफ पार कोसळला. पोलियन स्वतः २०१५मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेले. हाच माणूस २०१८मध्ये टीव्हीवरून सांगत होता की जॅक्सननं क्वार्टरबॅकचा नाद सोडावा आणि झेल घेणाऱ्या रिसीव्हरच्या जागी खेळावं. जॅक्सन २०१९मध्ये एकमतानं लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, २०२३मध्ये पुन्हा. पोलियन यांनी आपण चुकलो हे उघडपणे मान्य केलं. त्यांच्या पंक्तीतले फार थोडे जण तेवढं करतात.

पण ही चूक एकट्या पोलियन यांची नव्हती आणि ती निव्वळ अंदाजाचीही नव्हती. कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकला ‘तू धावतोस छान, दुसरी जागा बघ’ असं सांगायची तिथली रीत जुनी आहे. १९७८मध्ये वॉरन मूनला एकाही संघानं निवडलं नाही. तो कॅनडात गेला, एडमंटनकडून सलग पाच अजिंक्यपदं जिंकून परतला आणि २००६मध्ये हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला. समालोचनातली वाईट सवय केवळ कानाला खटकते असं नाही. ती माणसाची उमेदीची वर्षं खाते. २०२३मध्ये सी. जे. स्ट्राउडच्या आकलनचाचणीचे कमी गुण ड्राफ्टच्या तोंडावर बाहेर फुटले आणि त्याच्या बुद्धीवर दिवसचे दिवस चर्चा झडली. त्याला दुसऱ्या क्रमांकावर ह्यूस्टननं घेतलं आणि त्या हंगामातला आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित तोच ठरला. चाचणीवर तावातावानं बोललेल्यांपैकी कुणाला त्याचा जाब द्यावा लागला?

मग हे काम कुणाला जमतं तरी का? अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर, ज्यांना २०१७चं नोबेल मिळालं, यांनी केड मॅसी यांच्यासह ड्राफ्टचा हिशेब काढला. एकाच जागेवर खेळणाऱ्या, लागोपाठ निवडलेल्या दोन खेळाडूंपैकी आधी निवडलेला पुढे सरस ठरण्याची शक्यता किती? सुमारे ५२ टक्के. नाणं उडवलं तर ५०. आणि हे संघांचं प्रमाण. पगारी हेर, हजारो तासांची चित्रफीत, मुलाखती, वैद्यकीय तपासण्या हे सारं हाताशी असूनचं. तरीही वरचा क्रमांक मिळवायला संघ भारंभार किंमत मोजतात. २०१२मध्ये वॉशिंग्टननं क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिनसाठी पहिल्या फेरीच्या तीन आणि दुसऱ्या फेरीची एक अशा निवडी रॅम्स संघाला देऊन टाकल्या. ग्रिफिन पहिल्या हंगामात चमकला आणि मग गुडघ्यानं घात केला. २०१४च्या डिसेंबरात हे दोन संघ भिडले तेव्हा रॅम्सनी नाणेफेकीला कर्णधार म्हणून त्याच सौद्यातून मिळालेले सहा खेळाडू धाडले. क्रीडाजगतात इतका सभ्य आणि इतका झोंबणारा टोमणा क्वचित मारला गेला असेल.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे दुसरा एक आकडा आठवेल. २००८च्या सुमारास पुण्यात जयंत नारळीकर यांनी, नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांना बरोबर घेऊन, फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पाठवायच्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगायचं. २७ जणांनी उत्तरं पाठवली, त्यांच्या यशाची सरासरी निघाली ४६ टक्के. दोन्ही आकडे वेगळ्या गोष्टींचे आहेत, त्यांची सरळ तुलना होत नाही. फुटबॉलचा अभ्यास म्हणजे ज्योतिष असंही नाही. विश्लेषक निदान सामने बघतात. घेण्यासारखी आहे ती पद्धत. भाकीत आधी लिहून घ्या, निकषही आधी ठरवा, मग सगळी उत्तरं मोजा, फक्त जमलेली नव्हे.

ही पद्धत चाहत्यांनाही लागू. कारण ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ हा रोग पडद्यापुरता नाही. टॉम ब्रेडी २००० साली १९९वा निवडला गेला, त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक गेले आणि त्यानं सात सुपर बोल जिंकले. त्या सहा संघांना हसणारे चाहते विसरतात की ज्या न्यू इंग्लंडनं त्याला घेतलं, त्यांनीही त्या वर्षी आधी सहा दुसरे खेळाडू निवडले होते. आपल्याकडे तोच किस्सा २००८च्या आयपीएलचा. एकोणीस वर्षांखालील खेळाडूंची तेव्हा लिलावाऐवजी ड्राफ्टनं वाटणी झाली आणि दिल्लीनं विराट कोहलीला सोडून प्रदीप सांगवानला घेतलं. आज हे वेडेपणाचं वाटतं. पण सेहवाग, गंभीर, धवन असे फलंदाज हाताशी असलेल्या संघाला डावखुरा वेगवान गोलंदाज हवासा वाटणं यात त्या दिवशी वावगं काय होतं? निर्णय बरा आणि निकाल वाईट, असं होऊ शकतं, हे चर्चेत कुणी बोलत नाही. बोललं तर चर्चा लवकर संपेल, ही खरी अडचण.

शिवाय आता यात पैसा आहे. २०१८च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं अमेरिकेत राज्यांना क्रीडासट्ट्याची वाट मोकळी झाली आणि कोण कितवा निवडला जाईल यावरही पैजा लागू लागल्या. २०२३मध्ये विल लेव्हिस पहिल्याच क्रमांकावर जाणार, अशी निनावी आवई इंटरनेटवर उठली आणि सट्ट्याचे भाव धडाधड बदलले. पहिला गेला ब्राइस यंग. लेव्हिस पहिल्या फेरीत आलाच नाही. तो ३३वा निवडला गेला. ज्यांच्या घरातून त्या आवईवर पैसे गेले, त्यांना फसलेला अंदाज ही करमणूक वाटली नसणार. ज्या वाहिन्या विश्लेषकांची भाकितं दाखवतात, त्याच पैजेच्या कंपन्यांच्या जाहिरातीही दाखवतात. तेव्हा ‘अंदाजच तो, मनावर काय घ्यायचं’ ही सबब आता चालवून घेऊ नये.

किपर यांच्यावर एवढं लिहून त्यांच्या श्रमांना नावं ठेवणं अन्यायाचं होईल. शेकडो कॉलेज खेळाडूंची टिपणं काढायचं काम त्यांनी ते प्रतिष्ठेचं होण्याआधीपासून केलं. पण २०१०मध्ये त्यांनी जिमी क्लॉसेनवर पैज घेतली होती: हा आठ वर्षांत यशस्वी क्वार्टरबॅक झाला नाही तर आपण हे काम सोडू. क्लॉसेन पहिल्या हंगामात दहा सामन्यांना क्वार्टरबॅक म्हणून उतरला, त्यातला एक जिंकला आणि नंतर कुठेच स्थिरावला नाही. २०१८ उजाडलं, चाहत्यांनी आठवण करून दिली, किपर जागचे हलले नाहीत. हलायलाच हवं होतं असं नाही. मात्र पैज लावताना तिचा जेवढा गाजावाजा झाला, त्याच्या निम्म्यानं तरी ती हरल्याचा व्हायला हवा होता. तो वाहिनीनं केला नाही, चाहत्यांनी केला.

फलंदाज खेळपट्टीवर आला की त्याची सरासरी पडद्यावर येते. विश्लेषक बोलू लागला की त्याच्या नावाखाली गेल्या पाच वर्षांचा हिशेब यावा. निवडीच्या रात्रीचे अंदाज किती जुळले आणि पाच वर्षांपूर्वी ‘हमखास’ म्हटलेल्यांपैकी किती टिकले, हे दोन आकडे वेगवेगळे. अमेरिकेत काही हौशी मंडळी मॉक ड्राफ्टना दरवर्षी गुण देतात. वाहिन्यांना ते जमू नये असं काही नाही. तोवर मराठी क्रिकेटप्रेमींनी आपल्यापुरता प्रयोग करून बघावा. आयपीएलच्या पुढच्या लिलावात स्टुडिओतले माजी खेळाडू ज्यांना ‘अगदी स्वस्तात मिळाला’ किंवा ‘पैसे पाण्यात’ म्हणतील, ती नावं म्हणणाऱ्याच्या नावासकट कागदावर लिहून ठेवावीत आणि स्पर्धा संपल्यावर तो कागद मित्रांच्या घोळक्यात मोठ्यानं वाचावा. त्यात आपलेही अंदाज लिहायला विसरू नये.