नकलेवर रागावण्याआधी अजिंठा पाहा

तैलरंगात व्यक्तिचित्र शिकायचं तर दुसऱ्याच्या चित्राची नक्कल करूच नये, असं मत सध्या मोठ्या अधिकारवाणीनं मांडलं जातं. अंधेरी-बोरिवली असो की घाटकोपर-मुलुंड, शनिवार-रविवारच्या वर्गात एखादा विद्यार्थी जुन्या चित्रावरून चेहरा उतरवताना दिसला, की या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: नक्कल म्हणजे चोरी, नकलेनं डोळा मरतो आणि स्वतःची शैली कधी जन्मालाच येत नाही. समोर माणूस बसवा आणि रंगवा, बाकी सगळं ढोंग.

चोरीचा मुद्दा लगेच निकालात निघतो. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात नक्कल करायला रीतसर परवाना मिळतो. कॅनव्हासचं माप मूळ चित्राहून वेगळं हवं आणि मूळ सही उतरवायची नाही, अशा तिथल्या अटी आहेत.

शैलीचा आरोप मात्र सहज सोडून देता येत नाही, कारण मुंबईत राहून तो करणाऱ्यानं स्वतःच्या शहराचा इतिहासच वाचलेला नाही. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले. हे काम अधूनमधून १८८५ पर्यंत चाललं. लेण्यांतल्या अपुऱ्या उजेडात ही मुलं भिंतीवरची चित्रं कॅनव्हासवर तैलरंगांत उतरवत होती. त्यांतल्या अनेक नकला पुढे लंडनमधल्या आगीत जळाल्या. पण त्या मुलांमध्ये पेस्तनजी बोमनजी होते. १८७७ च्या दिल्ली दरबाराचं चित्र काढायला आलेल्या व्हॅल प्रिन्सेप यांच्याकडून त्यांनी व्यक्तिचित्रणाचे धडे घेतले आणि १८८२ मध्ये, अजिंठ्याचं काम चालू असतानाच्याच काळात, पोपटाला खाऊ घालणारी स्त्री रंगवली. मुंबईच्या पारशी घरांतलं जगणं इतक्या जिव्हाळ्यानं रंगवणाऱ्या या माणसाची शैली नकलेनं नेमकी कुठे मारली?

युरोपातही हेच दिसतं. रुबेन्स १६२८ साली माद्रिदला गेला तेव्हा पन्नाशी ओलांडलेला, युरोपभर नावाजलेला चित्रकार होता. तरीही तो टिशियनची चित्रं समोर ठेवून उतरवत बसला. ‘आदम आणि ईव्ह’ची नक्कल करताना त्यानं आदमची बैठक बदलली आणि झाडावर पोपट आणून बसवला. दोन्ही चित्रं आज प्रादो संग्रहालयात आहेत.

हा वाद तसा जुनाच. तैलरंग परके, म्हणून त्यात बसलेला हातही परका, असं मागच्या शतकात तावातावानं सांगितलं जाई. गंमत अशी, की ते सांगणाऱ्या बंगालच्या चित्रपंथाचे तरुण चित्रकारही १९०९ नंतर नकला करायला अजिंठ्यालाच गेले!

राहिला डोळा मरण्याचा मुद्दा. मोबाइलच्या पडद्यावरून नाकडोळे उतरवले तर डोळा मरतो, हे खरं. पडद्यावर जाड थर आणि पातळ झिलई सारखीच दिसते. पण तो दोष पडद्याचा, आणि आक्षेपक त्याचं खापर नकलेच्या माथी फोडतात.

मूळ चित्रासमोर उभं राहिलं की सावली पातळ आणि उजेड जाड का, हे विचारावं लागतं. खालच्या थराला अंबर हा तपकिरी रंग का वापरतात, तर त्यातलं मँगनीज तेल लवकर सुकवतं. काळा रंग सावकाश सुकतो, म्हणून तो खाली जाड लावला तर वरचा थर पुढे तडकू शकतो. समोर बसलेला माणूस यातलं काहीच सांगत नाही. उपनगरातल्या वर्गांनी मुलांना चर्चगेट किंवा सीएसएमटीच्या लोकलनं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात न्यावं. तिथे टाटा संग्रहातली युरोपीय तैलचित्रं आहेत. एकेका चेहऱ्यापुढे तासभर थांबून थरांच्या नोंदी घ्याव्यात, घरी येऊन त्या नोंदी आणि चांगला छापील नमुना समोर ठेवून तो चेहरा रंगवावा आणि मागे मूळ चित्रकाराचं नाव लिहावं. त्यानंतर शेजारच्या आजोबांना खुर्चीत बसवावं.