परीक्षा फक्त दारापाशीच?



२७ देशांच्या युरोपीय संघात यायचं तर लोकशाही, कायद्याचं राज्य आणि मानवी हक्क पाळावे लागतात, हा निकष १९९३ मध्ये कोपनहेगनला ठरला. दाराशी उभ्या असलेल्या मोल्दोवाच्या संसदेनं २०२१ मध्ये, युक्रेनच्या संसदेनं २०२२ मध्ये, ऐन युद्धात, स्त्रियांवरील हिंसेविरुद्धचा इस्तंबूल करार मंजूर केला. आणि घरातले? बल्गेरियाच्या घटना न्यायालयानं २०१८ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. हंगेरीच्या संसदेनं २०२० मध्ये त्याविरुद्ध ठराव केला.

सल्ला केंद्रात मी हेच पाहते. सुनेची परीक्षा रोज, लेकाला मात्र कुणी विचारत नाही.

नवे देश घेण्याआधी संघाची घडी बदलायला हवी, अशी चर्चा तिथं आहे. आज एखाद्या सदस्याचा मताधिकार स्थगित करण्याआधी बाकी साऱ्यांचं एकमत लागतं. एक दोस्त पाठीशी असला की निभावतं. ही अट आधी सैल करा. नवा देश घेतानाही एकमत लागतंच, म्हणजे न पाळणाराच परीक्षक होतो! स्त्रियांचे हक्क हे काय फक्त प्रवेशाचं शुल्क आहे?